गाडी गार हाय

जोतीराम शिरोलीच्या एका फौंड्रीत मेंटेनन्सला होता. मोटर जळो, पॅनल ट्रिप होवो, क्रेन वर अडकून बसो, हाक त्यालाच यायची. कसबा बावड्यातल्या त्याच्या घरात तर बाहेरचा मिस्त्री कधी आलाच नव्हता. मिक्सर, गिझर, बोअरची मोटर, सगळं तोच खोलायचा आणि तोच जोडायचा. बायको संयोगिता शेजारणीला सांगायची, "घरात काय बिघडलं की ह्यांचा सण आसतोय."

संयोगिताचं दुखणं सुरू झालं ते चपलेपासून. एकदा ती बाजारातून घरी आली तर एक पाय अनवाणी. चप्पल वाटेत कुठंतरी गळून पडली होती आणि तिला कळलंच नव्हतं. त्या दिवशी दोघंही पोट धरून हसले. पुढं तिच्या पायाला मुंग्या येऊ लागल्या, मग एक डोळा अंधुक झाला, मग तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. जोतीराम इलेक्ट्रिशियन आहे हे कळल्यावर ते त्याच्याच भाषेत म्हणाले, "नसांवरचं कव्हर जागोजागी गेलंय. ते पुन्हा बसवता येत नाही. आणखी जाऊ नये म्हणून औषधं द्यायची. आणि यांना उष्णतेपासून जपा. अंग तापलं की पाय गळतील, दिसायचं कमी होईल. गार झालं की पुन्हा येईल, पण तोवर हाल होतील."

जोतीरामनं सगळं ऐकून घेतलं. घरी आल्यावर त्यानं खोलीच्या खिडक्यांना जाड पडदे लावले, कूलर बसवला, न्हाणीघरात धरायला दांडे ठोकले. एवढं करून झाल्यावर करायला काही उरलं नाही.

संयोगिताचं माहेर गारगोटीजवळच्या एका वाडीत. तिथं तिची आई धोंडुबाई आणि धाकटा भाऊ पिराजी. धोंडुबाईंनी अर्धांगवायूनं पडलेल्या नवऱ्याचं सगळं अंथरुणातच काढलं होतं, आणि तेही बरीच वर्षं. नवरा गेला त्या दिवशी रडून झाल्यावर त्या लेकीला म्हणाल्या होत्या, "मी केलं ते केलं. पर माज्या लेकरांच्या वाट्याला हे नगो रं देवा." म्हणून संयोगितानं आईला आजाराचं सांगितलंच नाही. गुडघे दुखतात एवढंच सांगितलं. पिराजीलाही शपथ घातली. थंडीत ती माहेरी जाऊन यायची. तेव्हा पाय साथ द्यायचे, आणि सोप्यापासून चुलीपर्यंत ती अशी चालायची की कुणाला शंका येऊ नये. उन्हाळ्यात मात्र काही ना काही निमित्त सांगून टाळायची. धोंडुबाई फोनवर रुसायच्या. "शेरात गेल्यावर आई कशाला आठवंल," म्हणायच्या.

यंदा फेब्रुवारीतच ऊन तापायला लागलं आणि त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीचा एसी कोमट वारा फेकायला लागला. फिजिओथेरपीला आठवड्यातून तीनदा जावं लागायचं. राजारामपुरीतला एक गॅरेजवाला म्हणाला, "चार दिवस गाडी सोडून जावा, बघून सांगतो." जोतीरामला ते पटलं नाही. गॅस कमी झाला असेल, भरला की झालं, एवढ्यासाठी चार दिवस कशाला? त्यानं ऑनलाइन गॅसचे दोन डबे मागवले. सोबत एक नळी आणि नळीवर काटा दाखवणारं मीटर होतं. मोबाइलवर व्हिडिओ बघून एका रविवारी सकाळी त्यानं पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं, कॉम्प्रेसर चालू ठेवून नळी जोडली आणि डबा हलवत हलवत गॅस आत सोडला.

संयोगिता पुढच्या सीटवर बसून होती. जाळीवर तळहात धरून ती म्हणाली, "आलं, आलं. गार आलं."

"बघ की."

"अहो, खरंच लई गार हाय."

त्याच सकाळी दोघं रंकाळ्याला एक फेरी मारून आले. काचा बंद, आत गारवा. संयोगिता वाटभर बोलत होती. येताना म्हणाली, "आता उन्हाळ्यातबी आईकडं जाता येईल की हो." त्या दिवशी जोतीराम दोन घास जास्त जेवला.

आठ-दहा दिवसांनी तक्रार सुरू झाली. गाडी पळत असली की वारा गार, सिग्नलला थांबली की कोमट. दाभोळकर कॉर्नरला तर एकदा गरमच. जोतीरामनं पुन्हा बॉनेट उघडलं. आतली हवेची जाळी काढून झटकली. पट्टा बघितला. साबणाचं पाणी करून प्रत्येक सांध्यावर ब्रशनं लावलं, कुठं बुडबुडा येतोय का बघितलं. कुठंच काही नव्हतं. मग गॅस अजून कमी असणार असं धरून त्यानं दुसरा डबाही भरला. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच.

फौंड्रीतला त्याचा जोडीदार बाळासो याला त्यानं जेवणाच्या सुट्टीत सगळं सांगितलं. बाळासो म्हणाला, "गॅस जास्त झाला आसंल बग. जास्त झाला तरी गार करत न्हाय. दाब वाढला की कॉम्प्रेसर आपोआप बंद पडतोय. एका बाजूच्या मीटरवर ते कळत न्हाय गड्या, दोन्ही बाजूचा दाब बघाय पायजे. कुठं तरी दाखीव जा."

"मीटरचा काटा हिरव्यात हाय की."

"हाय, पर ती एकच बाजू."

"बघतो," जोतीराम म्हणाला.

त्या संध्याकाळी त्याला आणखी एक गोष्ट सापडली. रेडिएटरपुढचा पंखा फिरतच नव्हता. थेट बॅटरीची वायर लावली की फिरायचा, म्हणजे मोटर चांगली होती. पंख्याला वीज सोडणाऱ्या रिलेचा पाय जळून काळा पडला होता. त्यानं नवा रिले आणून बसवला आणि पंखा सुरू झाला. पार्किंगमध्ये गाडी बराच वेळ जागेवर चालू ठेवली. वारा गार. बाळासोचं बोलणं त्याच्या डोक्यात होतं. थोडा गॅस काढून बघावा असंही त्याला वाटलं. पण गार पडलेली गाडी पुन्हा कशाला छेडायची? दोष पंख्यात होता, तो सापडला. त्यानं हात धुतले आणि घरात जाऊन सांगितलं, "झालं. आता गाडी गार हाय."

पिराजीचा फोन आला तो मार्चअखेरीच्या एका दिवशी, सकाळची कामं आटपत असताना. आईला चार दिवसांपासून धाप लागत होती. डॉक्टरांनी हृदय थकलंय म्हणून सांगितलं होतं, आणि दवाखान्यात नको, घरीच ठेवा असंही. धोंडुबाई शुद्धीवर होत्या आणि लेकीचं नाव घेत होत्या.

"दाजी, आजच या," पिराजी म्हणाला. "आक्काला उन्हाचं झेपत न्हाय मला म्हाईत हाय. आदर्शची नवी मोठी गाडी हाय, त्याला लावून देतो. तासाभरात पोचंल तुमच्याकडं."

आदर्श म्हणजे पिराजीचा चुलत मेहुणा. जोतीराम म्हणाला, "त्याला कशाला हेलपाटा? तो येणार, मग आपण निघणार, त्यात दुपार व्हायची. आमची गाडी गार हाय."

"नक्की?"

"मी सोता केलीया."

संयोगितानं अंघोळ केली, गार पाण्यानं. हिरवी सुती साडी नेसली. निघण्याआधी भिंतीला हात न लावता ती दारापासून देवघरापर्यंत चालून आली, आणि पुन्हा गेली. जोतीराम बर्फाचं पाणी भरलेली मोठी बाटली आणि ओले नॅपकिन पिशवीत भरत होता.

"मला दारात उतरवा," ती म्हणाली. "दंडाला नुसतं धरा. मी चालत जानार. आईनं बघितलं की मग बसते."

गावाबाहेर पडल्यावरही सगळं ठीक होतं. कळंबा गेलं, इस्पुर्ली गेली. आत गार होतं. संयोगिता डोळे मिटून बसली होती. मध्येच म्हणाली, "आई मला वळखंल न्हवं?"

"आगं, शुद्धीवर हायत त्या. पिराजीनं सांगितलं की."

बिद्रीच्या अलीकडं रस्ता अडला. उसानं भरलेली ट्रॉली वळणावर कलंडली होती आणि रस्ताभर ऊस पसरला होता. पुढं ट्रॅक्टर, मागं एसट्या, टेंपो, दुचाक्या. बघता बघता मागंही रांग लागली आणि वळायला जागा राहिली नाही. ऊन डोक्यावर होतं.

थोडा वेळ वारा गार राहिला. मग नुसता येत राहिला. मग कोमट झाला. जोतीरामनं बटण बंद करून पुन्हा चालू केलं. क्षणभर गारवा आला आणि गेला. त्यानं खाली उतरून बॉनेट उघडलं. पंखा फिरत होता. पण कॉम्प्रेसर टक् करून लागायचा आणि लगेच सुटायचा. पुन्हा टक्, पुन्हा सुटायचा. दाब चढला की आपोआप बंद पडतोय. बाळासो म्हणाला होता तेच आता त्याच्या डोळ्यांसमोर होत होतं.

आतून संयोगितानं हाक मारली. "अहो, गरम यायला लागलंय."

काच खाली केली तर बाहेरची झळ आत आली. वर केली तर कोंडलं. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. जोतीरामनं पिशवीतली बर्फाची बाटली काढली. त्याला माहीत होतं, बॉनेटखालच्या, रेडिएटरपुढच्या जाळीवर गार पाणी ओतलं की दाब खाली येतो. तो बाटली घेऊन पुढं गेला आणि सगळी बाटली त्या जाळीवर हळूहळू ओतली. कॉम्प्रेसर लागला. लागून राहिला. "आलं का?" त्यानं ओरडून विचारलं.

"आलं."

पाणी जाळीवरून खाली डांबरावर सांडलं आणि सुकून गेलं. मग टक् आवाज झाला आणि कॉम्प्रेसर सुटला. पुन्हा लागलाच नाही.

तो दाराशी आला तेव्हा संयोगिता नॅपकिननं मान पुसत होती. नॅपकिनही आता गरम झाले होते. ती म्हणाली, "पाणी द्या जरा. मानंवर घालते."

त्याच्या हातात रिकामी बाटली होती. तिनं बाटलीकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

पुढच्या ट्रॅक्टरवरचा माणूस उतरून आला. "पावणं, बाईस्नी झाडाखाली घ्या की. गाडीत उकडून काढताय व्हय?" रस्त्याकडेला एक बाभळ होती, तेवढीच सावली. जोतीरामनं दार उघडलं. संयोगितानं पाय बाहेर टाकायचा प्रयत्न केला. पाय हललाच नाही. तिनं दोन्ही हातांनी मांडी उचलून बाहेर ठेवली, उभी राहायला गेली आणि दाराला धरूनच खाली बसली. ट्रॅक्टरवाल्यानं आणि जोतीरामनं मिळून तिला उचलून सावलीत नेलं. त्या माणसानं आपल्या कॅनमधलं पाणी तिच्या डोक्यावर घातलं. पण तेही उन्हात तापलेलं होतं.

"मला तुमचं तोंड दिसंना झालंय," ती म्हणाली. "पांढरं पांढरं दिसतंय."

"येईल. गार झालं की येईल. डॉक्टर बोललेत न्हवं."

"मागं फिरू या का?" तिनं विचारलं. आणि स्वतःच म्हणाली, "नगो. चला."

रस्ता मोकळा झाल्यावर जोतीराम मिळेल तशी गाडी पळवत निघाला. गाडी पळायला लागल्यावर थोडा थोडा गारवा आला, पण एकदा गळालेले पाय त्या थोड्या वाटेत परत येणार नव्हते. मुधाळ तिट्ट्याच्या पुढं संयोगिता म्हणाली, "पिराजीला फोन लावा. आईला पलीकडच्या खोलीत न्या म्हनावं. मी आत गेल्यावर, बसल्यावर मग..." जोतीरामनं फोन लावला. पिराजी म्हणाला, "दाजी, तिला हलवायसारखी ऱ्हायली न्हाय आता. सोप्यातच हाय. दाराकडं डोळं लावून हाय."

धोंडुबाईंची खाट सोप्यात दारासमोरच होती. त्यांना उशांना टेकवून बसतं केलं होतं. अंगणात गाडी थांबल्याचा आवाज त्यांनी ऐकला. पिराजीनं आतून प्लास्टिकची खुर्ची आणली. त्यानं आणि जोतीरामनं संयोगिताला खुर्चीत बसवलं आणि दोन बाजूंनी उचललं. तिचे पाय लोंबकळत होते. वाटेत एक चप्पल गळून अंगणात पडली. हिरवी साडी भिजून मातीनं माखली होती.

खुर्ची उंबऱ्यातून आत येताना धोंडुबाई म्हणाल्या, "कुनाला आनलं रं खुर्चीत?"

"आये, मी हाय," संयोगिता म्हणाली.

"माजी संयोगी चालत येती," धोंडुबाई म्हणाल्या. "ही कोन?"

खुर्ची खाटेला लावली. संयोगितानं हात पुढं केला आणि चाचपडत आईचा हात शोधला. धोंडुबाईंनी तो हात धरला, दाबून बघितला, मनगटावरच्या बांगड्या बघितल्या. मग त्यांनी दुसरा हात लेकीच्या गुडघ्यावर ठेवला, तिथून पोटरीवर. नवऱ्याचे पाय वर्षानुवर्षं चोळलेला हात होता तो. त्याला सांगावं लागलं नाही.

"कवापासनं?"

"दोन वर्सं झाली."

"आन मला गुडगं म्हनून सांगितलंस."

"आये, एवढं काय न्हाय. उन्हानं झालंय. सांजच्याला मी चालते बघ. खरंच चालते."

धोंडुबाई पायावरचा हात काढेनात. त्यांचा श्वास जोरात व्हायला लागला. त्या जोतीरामकडं बघून म्हणाल्या, "जावईबापू, हिचं कोन काढनार?"

"मी हाय की, मामी."

त्यांनी मान हलवली, पण ती व्हय म्हणून हलवली की न्हाय म्हणून, हे कुणालाच कळलं नाही. त्यानंतर त्या फार बोलल्या नाहीत. पिराजीच्या बायकोनं संयोगिताला आतल्या खोलीत नेऊन ओल्या चादरीत गुंडाळलं, पंखा लावला. ऊन उतरलं तसं तिचे पाय हळूहळू परत आले, मग डोळेही. ती भिंतीला धरून उठली. कुणाची मदत न घेता सोप्यात चालत आली, खाटेपर्यंत.

"आये, बघ. आले बघ चालत."

धोंडुबाईंचे डोळे मिटलेले होते. संयोगिता बराच वेळ हाका मारत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडुबाई गेल्या. मध्ये त्या शुद्धीवर आल्याच नाहीत.

बारावा झाल्यावर जोतीराम गाडी घेऊन एका एसीवाल्याकडं गेला. त्या माणसानं दोन नळ्या जोडल्या, दोन्ही काटे बघितले आणि म्हणाला, "गॅस लई झालाय." सगळा गॅस काढला, मोजून पुन्हा भरला. चहा पिऊन होईपर्यंत काम झालं. गाडी उन्हात उभी करून बराच वेळ चालू ठेवली तरी आत हुडहुडी भरत होती. जोतीराम मागं न टेकता नुसता बसून राहिला. एसीवाल्यानं काचेवर टकटक केल्यावर तो निघाला.

घरी पडदे ओढलेल्या खोलीत संयोगिता खाटेवर बसून होती. त्यानं सांगितलं, "झाली गाडी."

"बरं."

"गॅस जास्त झालता. बाळासो मला आधीच बोललता. मी काढला न्हाय."

हे तो पहिल्यांदाच बोलत होता. संयोगितानं त्याच्याकडं बघितलं. "आदर्शची गाडी येनार हुती की हो," ती म्हणाली. आवाज चढवून नाही, साधंच.

"व्हय."

"मग?"

"मला वाटलं, एवढं तरी मी केलंय," जोतीराम म्हणाला.

ती म्हणाली, "एक इचारू? खरं सांगा. मी खुर्चीत हुते तवा आई माज्याकडं बघत हुती का? मला कायच दिसलं न्हाय हो. आवाज तेवढा आला. तोंड दिसलंच न्हाय."

जोतीरामला ते तोंड रोज दिसत होतं. सांगावं का, कसं सांगावं, त्याला सुचेना. बरं काहीतरी सांगता आलं असतं. माया होती, हसू होतं, असं काही. पण त्यानं तिच्या पायाशी जमिनीवर बसकण मारली.

"बघत हुत्या," तो म्हणाला. "पयल्यांदा वळखलं न्हाय, तवा तुज्या साडीकडं बघत हुत्या. मग तोंडाकडं."

"आनि?"

"मग भ्याल्या. लई भ्याल्यागत दिसत हुत्या."

संयोगितानं डोळे मिटले. पाणी गालावरून खाली आलं, तिनं पुसलं नाही. "मला वाटलंच," ती म्हणाली. "माज्या पायावरचा हात काढंनाच ती." मग तिनं विचारलं, "कपाळाला काय लावलं हुतं का?"

"बुक्का हुता. पिराजीच्या बायकोनं लावला आसंल."

"आनि केस?"

"विंचरलेलं हुतं. मागं बांधलेलं."

ती एकेक विचारत राहिली, लुगड्याचा रंग कोणता होता, उशा किती होत्या, अंगावर वाकळ होती की चादर. जोतीराम आठवून आठवून सांगत राहिला. जिथं आठवेना तिथं आठवत नाही म्हणाला. बाहेर ऊन कलेपर्यंत ते तसंच चाललं.

त्यानंतर संयोगिता दवाखान्याला तेवढी गाडीत बसते. गारगोटीकडं जायचं नाव काढत नाही. पिराजीला हवं तर तोच येतो बावड्याला. बर्फाची बाटली आता ती स्वतः भरते आणि आपल्या मांडीवर धरून बसते. जोतीराम एसी लावतो, काचा वर करतो.